दुसरीतलं मूल जोडाक्षराला अडतं

प्रश्न: अक्षरं येतात, पण 'पर्वत'चं 'पवर्त' होतं. रोज किती वाचून घ्यावं?

प्रतिसाद १: रफार दिसतो 'व'वर, उच्चारायचा मात्र 'व'च्या आधी. गोंधळ तिथेच. 'पर्–वत', 'सूर्–य' असं तोडून लिहा, टाळी देत म्हणा, मग जोडा. दिवसाला पाचच शब्द.

प्रतिसाद २: आधी तुम्ही मोठ्याने वाचा, ओळीखाली बोट फिरवत, मग तेच पान त्याला. पंधरा मिनिटं पुरेत. 'चहा' आणि 'चाक' यांतला 'च' वेगळा, लिपीत तो दिसत नाही. कानावरच पडावा लागतो. आणि दर चुकीला टोकू नका हो, वाक्य संपू द्या.

प्रतिसाद ३: एका पानात पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक बदला. 'ओसाड', 'खळाळणं' हे शब्द घरच्या बोलण्यात क्वचितच येतात, गोष्टीत भेटतात.