अकरावीच्या मुलीसाठी गाडी : लायसन, पासिंग, इन्शुरन्स नेमकं कशाला लागतं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. मुलीला १६ पूर्ण झालीत, अकरावी सायन्स. जुळे सोलापुरातून अशोक चौकाकडे कॉलेज आणि तिथून क्लास. रिक्षाचं गणित बसत नाही. समोर तीन पर्याय आहेत.

एक, २५ च्या स्पीडची इलेक्ट्रिक स्कूटर. दुकानदार म्हणतो, "लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. गाडी घेतल्यावर स्पीड ४५ करून देतो." दोन, घरात पडून असलेली जुनी लुना. आरसी बुक आहे, इंजिन ५० सीसी. तीन, विजापूरच्या पाहुण्यांची ॲक्टिव्हा स्वस्तात मिळतेय. ती बायकोच्या नावावर करायची, बायकोकडे लायसन नाही. १८ होईपर्यंत मुलगी जवळपासच चालवेल.

कायद्यात कुठलं बसतं, आणि काही झालं तर इन्शुरन्स कुणाला किती उपयोगी पडतो? "सगळेच चालवतात" हे उत्तर नको आहे.

कंट्रोलर_रिपेअर

पहिल्या पर्यायाबद्दल. दुकानदाराचं पहिलं वाक्य काही अटींवर खरं आहे. दुसरं वाक्य अमलात आणलं की पहिलं तिथेच खोटं ठरतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये 'बॅटरीवर चालणारे वाहन' अशी व्याख्या आहे. मोटरची ३० मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा, कमी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी. बॅटरी काढून गाडीचं वजन ६० किलोच्या आत. या तिन्हींत बसणारं मॉडेल एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने मंजूर केलेलं असेल, तरच ती गाडी कायद्याने 'मोटार वाहन' ठरत नाही. मग लायसन, नंबर, सक्तीचा विमा यांचा प्रश्न येत नाही. चारपैकी एक अट सुटली तरी ती पूर्ण मोटार वाहन.

म्हणून दुकानात चाचणी संस्थेच्या मंजुरीची प्रत मागा. कॅटलॉग किंवा दुकानाच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. प्रतीवरचं मॉडेल आणि व्हेरिएंट, गाडीवरच्या प्लेटवरचं नाव आणि बिलावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एकाच नावाच्या गाडीचे स्लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे दोन व्हेरिएंट असतात आणि कागद एकाचा, गाडी दुसरी असा घोळ इथेच होतो. शंका आली तर बॅटरी काढून गाडी धान्याच्या गोदामातल्या काट्यावर ठेवा. वेग पाहायला मोठ्या माणसाने फुल चार्जवर, सपाट रस्त्यावर फोनच्या जीपीएसने तपासावा. गाडीच्या मीटरवर भरवसा ठेवू नये.

आता "४५ करून देतो" म्हणजे काय, ते. यातल्या बऱ्याच कंट्रोलरला (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) स्पीड लिमिटची दोन टोकांची वायर असते. ती जोडलेली असली की वेग अडवलेला, कनेक्टर सोडवला की मोकळा. पाच मिनिटांचं काम. पण त्यानंतर करंट वाढतो, हब मोटर म्हणजे चाकातली मोटर तापते, लिथियम पॅक असेल तर चढावर बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) ट्रिप होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडते. लेड-ॲसिडचा सेट असेल तर लवकर बसतो. ब्रेक मात्र २५ च्या वेगासाठी दिलेले तेच राहतात. मला सर्वांत जास्त काळजी या ब्रेकची वाटते.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर वायर सोडवल्या क्षणी ती विनानोंदणी, विनाविमा, विनालायसन गाडी झाली. आणि ती नंतर कायदेशीर करून घेता येत नाही. त्या मॉडेलची मंजुरीच स्लो-स्पीडची, त्यामुळे आरटीओ पासिंग करणार नाही आणि पासिंग नाही तर कंपनी पॉलिसी देणार नाही. असे फेरफार करून गाडी विकणाऱ्या डीलरला कलम १८२-ए खाली दर गाडीमागे एक लाख दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. हे त्या दुकानात स्पष्ट बोलून दाखवा, भाषा बदलेल.

हल्लीची ई-लुना यात मोजू नका. तिचा वेग ताशी ५० पर्यंत जातो, म्हणजे नंबर, लायसन, विमा सगळं लागतं. सोपी खूण सांगतो: रजिस्टर्ड खासगी इलेक्ट्रिकला हिरव्या पाटीवर पांढरे आकडे असतात.

जुळे_सोलापूरकर

इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, आभार. २५ च्या गाडीने कुणाला धक्का लागला तर? विमाच नाही ना.

पॉलिसी_आधी_वाचा

भरपाई खिशातून द्यावी लागते. विमा सक्तीचा नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं होत नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन चालवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २८१ 'कोणत्याही वाहना'ला लागू आहे. मुलीच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेता येतो, तो घ्या. हेल्मेट आयएस ४१५१ शिक्क्याचं, हनुवटीचा पट्टा लावून.

आता तिसरा पर्याय, कारण सगळ्यांत महाग तोच पडेल.

गाडी आईच्या नावावर, चालवणार १६ वर्षांची मुलगी. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-ए १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलीला वयाच्या २५ पर्यंत लायसन नाही. "मला माहीत नव्हतं" हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. शिवाय विनालायसन चालवण्याचे ५,००० आणि चालवायला दिल्याचे ५,००० वेगळे. 'जवळपासच' या शब्दाला कायद्यात जागा नाही. गल्ली हाही सार्वजनिक रस्ताच.

विम्याचं तर आणखी कठीण. थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा, चालू असली तरी लायसन नसलेल्याच्या हातात गाडी देणं हा पॉलिसीच्या अटींचा भंग. अशा दाव्यांत न्यायाधिकरण सहसा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे जखमी माणूस सुटतो, वसुलीची नोटीस आईच्या नावाने येते. रक्कम लाखांत असू शकते. स्वतःच्या गाडीचं नुकसान तर कंपनी देणारच नाही.

मुलगी १८ ची होऊन पक्कं लायसन आल्यावरही एक गोष्ट राहते. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो. तो फक्त नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध लायसन असेल तरच मिळतो. गाडी आईच्या नावावर आणि चालवणारी मुलगी, तर मुलीला त्यातून काही नाही. आईकडे लायसन नाही, म्हणून आईलाही नाही. आणि घरच्याची गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी येतो, त्याच गाडीच्या विम्यात तो 'थर्ड पार्टी' ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय. म्हणून गाडी चालवणाऱ्याच्या नावावर असावी. १८ नंतर घ्या, तिच्याच नावावर घ्या.

दर असे: १ जून २०२२ पासूनच्या तक्त्यात दुचाकीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ च्या वर १५० सीसीपर्यंत ७१४. इलेक्ट्रिकला ३ किलोवॅटपर्यंत ४५७, ३ ते ७ किलोवॅट ६०७. वर १८ टक्के जीएसटी. भरताना त्या दिवशीचा दर पडताळून घ्या. याहून फार कमी आकड्यात कुणी 'थर्ड पार्टी' देत असेल तर कागद बनावट समजा, कारण हा दर ठरवून दिलेला आहे, त्यात सूट नसते. थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान दुचाकीसाठी एक लाखापर्यंतच कव्हर असतं. मृत्यू आणि दुखापतीला अशी मर्यादा नाही.

फुल इन्शुरन्स, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसकट, घेणार असाल तर झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) घ्या. स्कूटरचं निम्मं अंग प्लास्टिकचं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. हेडलाइटचं तोंड आणि साइड पॅनल बदललं की अर्धं बिल तुमच्याच अंगावर.

लुनावाले_काका

लुनाबद्दल मी सांगतो. १६ व्या वर्षी चालवायची कायदेशीर सवलत खरोखर आहे, कलम ४ मध्ये. अट इंजिन ५० सीसीपेक्षा जास्त नको. आरसीवर 'क्यूबिक कपॅसिटी' हा रकाना बघा, गाडीच्या नावावर जाऊ नका. टीव्हीएस एक्सएल सुपर ६९.९ सीसी आहे, एक्सएल १०० ही ९९.७, स्कूटी पेप प्लस ८७.८. लोक तिन्हींना 'छोटी गाडी' म्हणतात, तिन्ही १८ च्या खाली चालत नाहीत.

अडचण कागदांची आहे, मालक. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमची लुना ती मुदत कधीच ओलांडून गेली असणार. आरसी बुक कपाटात आहे म्हणजे नोंदणी जिवंत आहे असं नाही. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आली की ती विनानोंदणीच, आणि नुकसानीचा दावाही तेवढ्यावर अडतो. आधी 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून बघा. जुन्या गाड्या तिथे दिसतच नाहीत, मग मूळ आरसी घेऊन आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या गाडीची पोर्टलवर नोंद, करून घ्यावी लागते. नंतर नूतनीकरणाचा फॉर्म २५, गाडी दाखवणं, पर्यावरण कर, पीयूसी, विमा. एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी, दुचाकीला ४५० अधिक जीएसटी. तपासणीला न्यायच्या आधी चासी नंबरवरचा गंज पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. घासून अंक पुसट झाला तर गाडी संशयात येते.

एवढं सगळं दीड-दोन वर्षांसाठी करायचं का, तर माझं मत नाही. गाडी हौसेने जपायची असेल तर जरूर करा.

एमएच१३_विजापूर_रोड

लायसनचं थोडक्यात.

लुना चालू केलीच तर 'सारथी' पोर्टलवर ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा वेगळा वर्ग आहे, तो निवडा. १८ खालील अर्जाला पालकांची लेखी संमती लागते. आणि १८ झाल्यावर हे लायसन आपोआप मोठं होत नाही, विनागिअरचा वर्ग परत परीक्षा देऊन वाढवावा लागतो.

१८ पूर्ण झाल्यावर विनागिअर दुचाकीसाठी: लर्निंग आधार वापरून घरूनच निघतं. शुल्क वर्गाला १५० अधिक परीक्षेचे ५०, पुढे पक्क्यासाठी चाचणीचे ३०० आणि लायसनचे २००, वर किरकोळ सेवा शुल्क. अर्ज अडतो तो आधारला चालू मोबाइल जोडलेला नसला की, किंवा दहावीच्या सनदेवरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असलं की. ते आत्ताच दुरुस्त करून ठेवा, वेळ हाताशी आहे. माळशिरसकडचा पत्ता आधारवर असेल तर प्रकरण अकलूजला, एमएच-४५ कडे जाऊ शकतं.

लर्निंग सहा महिने वैध, पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर. त्या काळात मागे मैत्रीण बसवायची नाही, फक्त लायसनधारक शिकवणारा. पुढे-मागे 'एल' पाटी: पांढऱ्या चौकोनावर लाल अक्षर, चौकोन किमान १८ सेंटिमीटर, अक्षर १० सेंटिमीटर उंच. चिकटपट्टीने केलेला बोटभर 'एल' ग्राह्य नाही.

चाचणीला नेलेल्या गाडीचा विमा किंवा पीयूसी संपलेला असला तर रांगेतूनच परत पाठवतात. आठच्या आकड्यात पाय टेकला की नापास. परत सात दिवसांनी, तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबणं. स्कूटरवर आठ काढताना थ्रॉटल हलका धरून मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवायचा. थ्रॉटल पूर्ण सोडला की गाडी मेलेल्या वेगात कलते आणि पाय खाली येतो.

पॉलिसी_आधी_वाचा

विजापूरच्या ॲक्टिव्हाबद्दल राहिलं होतं. कर्नाटकची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमएचचा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरला फॉर्म २७. महाराष्ट्राचा कर इथे नव्याने भरायचा, तिकडच्या उरलेल्या कराचा परतावा पाहुण्यांनी मागायचा. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आधी. हा सगळा खर्च किमतीत मिळवून बघा, 'स्वस्त' किती उरतं ते कळेल.

आणि पॉलिसी १४ दिवसांच्या आत नव्या नावावर करून घ्यायची. थर्ड पार्टी गाडीबरोबर येते, गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. पाहुण्यांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहतो, तुम्हाला मिळणार नाही.

जुळे_सोलापूरकर

ॲक्टिव्हा रद्द. २५ ची स्कूटर, मंजुरीची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देणार नाही. लिमिटची वायर नंतर कुणी सोडवू नये म्हणून काही करता येतं का?

कंट्रोलर_रिपेअर

येतं. कंट्रोलर सीटखाली किंवा फूटबोर्डखाली असतो. लिमिटचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून त्यावर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून घ्या आणि बॉक्सच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका द्या. ठिपका तुटला की उघडलंय हे कळतं. बिलावर "वेग २५ किमी/तासाखाली, कोणताही बदल न करता विक्री" असं लिहून दुकानाची सही-शिक्का घ्या. मंजुरीच्या प्रतीची एक झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून डिकीत ठेवा. सात रस्ता चौकात कुणी थांबवलं तर मुलीला वाद घालावा लागणार नाही, कागद दाखवता येईल.