सहाव्या अध्यायातली कुंडलिनी आपण का वगळतो?

दिगंत (धागाकर्ता):
परवा योगवर्गात मूलबंध, म्हणजे गुदद्वाराजवळचे स्नायू आवळून धरण्याची क्रिया, शिकवला गेला. तो कशासाठी, असे विचारल्यावर शिक्षिका म्हणाल्या, ‘ते तांत्रिक आहे, आपल्याला फक्त स्नायूंचा व्यायाम हवा.’ पारायणाच्या घरात वाढलेल्या मला याचे नवल वाटले. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूलबंध आहे, हनुवटी कंठाशी टेकवण्याचा जालंधर बंध आहे, आणि कुंकवाने न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी वेटोळे घालून निजलेली कुंडलिनी ही देहातली सुप्त शक्तीही आहे. ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु’ असे सांगून ज्ञानदेव आपली नाथपरंपरा लपवीत नाहीत. देहातलीच शक्ती जागवून ती शिवात विरवणे हा तंत्राचा गाभा आहे. तो काढून घेतल्यावर जी कसरत उरते तिला योग म्हणू नये, असे माझे मत आहे.

काठावरची:
मत पटले नाही. त्याच ज्ञानदेवांच्या हरिपाठात ‘योग याग विधी येणें नोहे सिद्धी’ असे स्पष्ट म्हटले आहे, ते आपण सोयीने विसरलात. शिवाय गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचा उल्लेख नाही. ती भर ज्ञानदेवांची. गुरूने एका शिष्याला द्यायची विद्या तीस अनोळखी माणसांना सकाळी सहा वाजता सतरंजीवर कशी द्यायची? (उद्या वर्गात शक्तिपात, म्हणजे गुरूने शिष्यातली शक्ती जागवणे, सुरू झाला, तर मी शुल्क परत मागेन.)

जुना_साधक:
आरोग्याला एवढे हिणवू नये. हठप्रदीपिका हा हठयोगाचा ग्रंथच आसनाचे फळ स्थैर्य, आरोग्य आणि अंगलाघव असे सांगते. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या कुवलयानंदांनी बंध आणि क्रिया प्रयोगशाळेत तपासल्या, म्हणून त्यांची साधना उणी ठरत नाही.

दिगंत:
मान्य, पण तोच ग्रंथ आरंभीच ‘केवलं राजयोगाय’, म्हणजे ही विद्या केवळ राजयोगासाठी, ध्यानसमाधीसाठी आहे, असे म्हणतो. आरोग्य वाटेत लागते, मुक्काम तिथे नाही. गुरूवाचून शिकवू नये, हेही मान्य. मात्र ‘तांत्रिक’ म्हणून नाक मुरडण्याऐवजी ‘हे मला शिकवलेले नाही’ असे शिक्षिका म्हणाल्या असत्या, तर हा धागा मी काढलाच नसता.

काठावरची:
मग शीर्षकातल्या ‘आपण’मध्ये आम्हाला धरू नका. आमच्याकडे हरिपाठ रोज होतो आणि सहावा अध्याय वर्षातून एकदा, पारायणात, एकही ओवी न गाळता.