नवा आहार सुरू केला आणि पोट फुगलं: तुमचे अनुभव सांगा

अथणीची सून

काल भाचीचा फोन आला पुण्याहून. भात-चपाती बंद केलीय, सकाळी ओट्स, दुपारी मोड आलेली कडधान्यं, रात्री राळे. सगळं एकदम चालू केलंय आणि आता संध्याकाळ झाली की पोट नगाऱ्यासारखं. रडकुंडीला आली होती पोर. "मावशी, एवढं पौष्टिक खाऊन असं का?" म्हणाली. फोन ठेवला आणि मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

माहेर माझं खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. धो धो पाऊस, शेतं भाताची. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. भाकरी केली तरी तांदळाची. सासर अथणीला. जिल्हा तोच, बेळगाव, पण तिकडं पाऊस नावाला आणि ज्वारीचं राज्य. दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, हुलग्याची आमटी नाहीतर मटकीची उसळ, वर कच्चा कांदा आणि कारळ्याची चटणी. घरातली सगळी तेच खाऊन शेतात जायची आणि मी दुपारभर पोट धरून बसायची. नव्या नवरीनं सांगायचं तरी कुणाला?

सासूबाईंनीच ओळखलं. "होट्टी उब्बैतेनव्वा?" म्हणाल्या, म्हणजे पोट फुगलंय का गं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात चतकोर भाकरी आणि बाकी भात. कच्चा कांदा बंद. हुलगे रात्री भिजवायचे, ते पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायचे, आणि मला नुसतं वरचं कट, हिंग-लसणाची फोडणी घालून. दाणे नाहीत. दर आठवड्याला भाकरी थोडी वाढायची. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, खळ्यापर्यंत जाऊन यायचं. दिवाळीपर्यंत मी पोटभर भाकरी खायला लागले, त्रास नाही काही. आता भाकरी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं. पण एकट्या मावशीचं ऐकेल असं वाटत नाही. तुम्ही पण लिहा, तिला पाठवते.

गोंधळी गल्ली

अक्का मी लिहितो. माझं जिमचं. ट्रेनरनं प्रोटीन पावडर सांगितली, सकाळ-संध्याकाळ मोठ्या ग्लासभर दुधात. व्यायाम करताना पोट असं गुडगुडायचं की शेजारचा बघायचा. आठवडाभरात ती पावडर मित्राला देऊन टाकायला निघालो होतो. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले पावडर राहू दे, आधी दूध थांबव. पाण्यात घेतली, निम्मं बरं वाटलं. मग व्हे आयसोलेट घेतली, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर फार कमी असते, राहिलेलं पण गेलं. दही खातो, ताक पितो, काही होत नाही. नुसतं दूध प्यालो की सुरू.

खानापूरची लेक

अथणीची सून, तुम्ही जांबोटीच्या?? माझी आत्या तिथलीच. उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचं लोणचं, आठवलं बघा सगळं.

अथणीची सून

होय गं, बाजारापासून जवळच घर आमचं. कुणाकडची तू? वेगळं कळव, इथं नको.

चिकोडीचे सर

सूनबाईंनी जे लिहिले आहे त्याला शास्त्राचा पूर्ण आधार आहे. मी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात, आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. तोच आपला गॅस. या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून भिजवलेले पाणी टाकले की त्यातला काही भाग निघून जातो. मोड आणल्यावर आणखी कमी होतो, कारण कोंब स्वतः वाढण्यासाठी त्या वापरतो.

आता धान्याचे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ च्या आत. म्हणजे भात सोडून भाकरी धरली की तंतू एकदम तिपटीवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मोठ्या माणसांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगितले आहेत, तेव्हा ते खाण्यात वाढायलाच हवेत. फक्त आतड्यातले जिवाणू नव्या खाण्याप्रमाणे बदलायला वेळ घेतात. अथणीच्या माणसाचे पोट लहानपणापासून तयार असते, जांबोटीच्या मुलीचे कुठून असणार? सासूबाईंनी दिला तो वेळ. भाचीला सांगा, राळे वाईट नाहीत आणि तिचे पोटही वाईट नाही.

निपाणी

सर २०२३ ला तर पौष्टिक तृणधान्य वर्ष होतं ना, संयुक्त राष्ट्रांचं. त्या वर्षी आमच्या घरात नाचणी बाजरी राळे वरई सगळं एकदम आलं. पहिल्या महिन्यात सगळ्यांची पोटं गच्च. शेवटी जाऊबाईंनी आठवड्यातून दोन दिवस ठरवले, त्यात पण राळे रात्री भिजवूनच. मुलांना आता आवडतात

टिळकवाडी

राळे चांगले कुठे मिळतात बेळगावात? मॉलमधली पाकिटं महाग आहेत आणि जुनाट वास येतो

निपाणी

रविवार पेठेत बघा, धान्याच्या दुकानात सुटे मिळतात. नवणे म्हणून मागा, लगेच देतील.

शहापूर

साखर निघाली तेव्हा मला डॉक्टरांनी आहाराचा तक्ता आणि मेटफॉर्मिनची गोळी एकाच दिवशी दिली. पोट फुगलं, जुलाब, तोंडाला चव नाही. घरातले सगळे म्हणाले भाकरीनं होतंय, भाकरी सोडा. मी सोडली. तरी तेच. मग डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले गोळीनं पण होतं हे सुरुवातीला, जेवणासोबत घ्या. डोस कमी करून हळूहळू वाढवला, आणि सावकाश विरघळणारी गोळी दिली. आता भाकरी पण आहे गोळी पण आहे. ज्यांनी औषध आणि आहार बरोबर चालू केलाय त्यांनी हे विचारून घ्या, स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका.

कॅम्प

शहापूरकर, कुंदा सोडला की नाही ते सांगा आधी 😄

शहापूर

कुंदा सणाला. एक चमचा. बायको मोजून देते 😄

कॅम्प

बिनसाखरेच्या चॉकलेटांपासून जपा मात्र. आमच्या वडिलांना कुणीतरी परदेशातून डबा आणून दिला होता. साखर नाही म्हणून निवांत खाऊलेत, आणि रात्रभर पोटात कळा. डब्यावर बघितलं तर सॉर्बिटॉल, माल्टिटॉल. हे पोटात नीट शोषले जात नाहीत, जास्त खाल्ले की गॅस आणि जुलाब होतात. एखादा तुकडा ठीक.

अनगोळची काकू

मुलींनो मी स्वयंपाकातलं सांगते, शास्त्र सरांनी सांगितलंच आहे. मोड आलेली मटकी कच्ची खाऊ नका, वाफवून घ्या. फोडणीत हिंग आणि ओवा. राजमा छोले रोज नकोत, आधी मुगापासून सुरुवात करा, मूग पोटाला हलका. वरणात सुद्धा आधी मूगडाळ मग तूर. भाकरीचं पीठ ताजं दळून आणा. जेवताना घटाघटा पाणी पिऊ नका असं आमची आई म्हणायची, पण दिवसभर पाणी प्यायलाच पाहिजे. कोशिंबीर भरपूर खायची आणि पाणी कमी, असं केलं की पोट साफच होत नाही आणि मग जास्त फुगतं. जेवणानंतर ताक, त्यात जिरं सैंधव.

आणि चावून खा गं. आमची सून मोबाईल बघत पाच मिनिटात ताट संपवते. घाईत खाताना हवा पण पोटात जाते.

हुक्केरी

काकू इसबगोलचं पण लिहा. माझ्या भावानं वजन कमी करायला चालू केलं, दोन चमचे आणि वर दोन घोट पाणी. तो फुगतो ना पाण्यात! नंतर त्याच दिवशी कोल्हापूरच्या बसमध्ये बसला, निपाणीला उतरून फेऱ्या मारूलाय बिचारा, कंडक्टर हाका मारूलाय. इसबगोल म्हणजे मोठा ग्लास भरून पाणी पाहिजेच, आणि अर्ध्या चमच्यापासून सुरुवात.

निपाणी

स्टँडसमोर चहा चांगला मिळतो तोपर्यंत 🙂 कसा आहे आता भाऊ

हुक्केरी

मस्त. वजन पण उतरलं. इसबगोल चालू आहे, पाण्यासकट.

वडगावकर

सगळे वाचून लिहावंसं वाटलं. लांबेल, माफ करा.

आई ५८ ची होती. गुडघ्यांसाठी वजन कमी करायला सांगितलं म्हणून भात सोडून भाकरी, पालेभाज्या चालू केल्या. पोट फुगायला लागलं. आम्हाला सगळ्यांना वाटलं आहार बदललाय म्हणून. ओवा दिला, हिंग लावलं, परत भातावर आणलं. तरी कमी होईना. थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटायचं, लघवीला सारखं जायची, साडी घट्ट व्हायला लागली आणि चेहरा मात्र उतरत चालला. मावशीनं जबरदस्तीनं सोनोग्राफी करायला लावली. अंडाशयाची गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, केमो झाली. आज आई आमच्यात आहे, रोज तुळशीला पाणी घालते.

म्हणून सांगते, आहार बदलल्यानं फुगलेलं पोट कमी-जास्त होतं, सकाळी बरं असतं, जुनं खाणं परत चालू केलं की उतरतं. जे रोज फुगलेलंच राहतं, दोन-तीन आठवडे होऊन पण उतरत नाही, त्याला घरगुती उपाय करत बसू नका. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी तर अजिबात नाही. आपल्याकडं बाई स्वतःच्या पोटाबद्दल शेवटी बोलते.

अनगोळची काकू

आईला माझा नमस्कार सांग. फार बरं वाटलं त्या आहेत हे वाचून. मी उद्याच आमच्या वन्संना फोन करते, त्या पण बरेच दिवस पोट पोट म्हणताहेत.

अथणीची सून

वडगावकर, डोळ्यात पाणी आलं. भाचीला हे पहिलं पाठवलं, म्हटलं तुझ्या आईला पण वाचायला दे.

लॅबवाला, गोकाक

वडगावकर ताईंच्या पुढे जोडतो. वजन न सांगता उतरणं, शौचातून रक्त किंवा काळी शौच, सतत उलट्या, ताप, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, तपासणीत अंगात रक्त कमी निघणं. यातलं काही असलं तर पोट फुगणं साधं समजू नका.

अजून एक. गहू सोडला की बरं वाटतं म्हणून बरेच जण स्वतःच गहू बंद करतात. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं होणारा आतड्याचा आजार, त्याची रक्ततपासणी करायची असेल तर ती गहू खात असतानाच करायची, सोडून महिने झाले की रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आधी तपासणी, मग सोडा.

टिळकवाडी

मला गव्हानं व्हायचं पण तपासणी नॉर्मल आली. डाएटिशियन म्हणाल्या गव्हात आणि कांदा-लसणात फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं असतात, काहींना तीच सोसत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात तयार झालेली लो फॉडमॅप पद्धत करवून घेतली. काही आठवडे अशा गोष्टी बंद, मग एकेक करून परत आणायच्या आणि बघायचं. मला कांदा कच्चा चालत नाही, लसूण थोडा चालतो, चपाती एक चालते. कायमचं सगळं सोडायचं नसतं, हे मला सगळ्यात आवडलं. एकट्यानं यादी बघून करू नका, खाणं फार कमी होतं त्यात.

आणि रविवार पेठेत जाऊन आले. नवणे मिळाले, चांगले आहेत 🙏

गोंधळी गल्ली

पोट फुगलं की गोटीवाल्या बाटलीतला सोडा मारणारे आहेत काय कोण इथं? आमच्या गल्लीत बिर्याणी झाली की रांग लागते

चिकोडीचे सर

सोड्यात कार्बन डायऑक्साइड असतो. ढेकर आली की मोकळे वाटते, पण ती ढेकर बहुतेक सोड्याच्याच वायूची. आधीच फुगलेल्या पोटात आणखी वायू कशाला? त्यापेक्षा गल्लीत दोन फेऱ्या मारा. चालण्याने आतड्यातला वायू पुढे सरकतो.

गोंधळी गल्ली

आयतु सर 🙏 फेऱ्या मारतो

अथणीची सून

भाचीनं सगळं वाचलं. ओट्स बंद केलेत सध्या, दुपारी पहिल्यासारखा भात, रात्री वाटीभर राळे, कडधान्य एक दिवसाआड आणि वाफवलेलं. ती विचारते, हुलगे भिजवलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं का?

अनगोळची काकू

कुंडीत घाल म्हणावं. आणि हुलगे रात्रभर भिजू देत, तासाभरात काढू नकोस. पहिल्यांदा कटच घे.