विषय : साताऱ्यातल्या खाण्यापिण्याच्या जागा, कुठली कशात घालायची?

नमस्कार मंडळी,
सुट्टीत साताऱ्याला जाणाऱ्यांसाठी यादी करतोय, तीच ओपनस्ट्रीटमॅपवरही (लोकांनी मिळून भरायचा इंटरनेटवरचा खुला नकाशा) चढवायची आहे. तिथे रेस्टॉरंट, फास्ट फूड, कॅफे, बार, पब असे ठरलेले प्रकार आहेत. राजवाड्याजवळची चौपाटी कशात बसते? मिसळवाले? हायवेवरचे ढाबे? रविवारपर्यंत कळवा.
– सचिव

सचिवसाहेब,
पाटीवर काय रंगवलंय ते सोडा. बसायची सोय काय, बांधून मिळतं का आणि दारू मिळते का, एवढं पाहा. चौपाटीवर आपण गाडीपाशी जाऊन सांगतो, खातो, उठतो. खुर्च्या चार मांडल्या म्हणून ते रेस्टॉरंट होत नाही. फास्ट फूड लिहा आणि ‘आउटडोअर सीटिंग’चा टॅग (जागेची माहिती सांगणारी चिठ्ठी) वेगळा जोडा. मिसळवाला टेबलावर आणून देतो, वर रस्सा वाढत राहतो, ते रेस्टॉरंट. टेकअवे ‘हो’ लिहा. (पिशवीत बांधलेली मिसळ खाऊ नये, पण त्याला टॅग नाही.) कंदी पेढेवाले यात घेऊच नका, ती दुकानं.
– अप्पा

अप्पा, दारूचं एवढ्यात उरकू नका, खरा घोळ तिथेच आहे. मागच्या यादीत कुणीतरी वाईन शॉप ‘बार’मध्ये टाकलं होतं. वाईन शॉपचा परवाना एफएल-२ (एफएल म्हणजे ‘फॉरेन लिकर’); बंद बाटली घ्यायची आणि निघायचं. बिअर शॉपीचंही तेच, फक्त माल वेगळा. परमिट रूमचा एफएल-३. तिथे बसून प्यायची. म्हणजे दारूपुरतं ‘बसून की बांधून’ हे मालक ठरवत नाही, परवाना ठरवतो. जेवण मात्र त्याच परमिट रूममधून खुशाल बांधून मिळतं! म्हणून टेकअवेचा रकाना जेवणापुरताच ठेवा.

लोक मुख्यतः जेवायला जातात आणि आत परमिट रूमही आहे, तिथे ‘रेस्टॉरंट’ लिहून ‘बार = येस’ जोडा. ढाब्याचा निर्णयही असाच, सरसकट नको. शाकाहारी लोकांसाठी ‘व्हेजिटेरियन = ओन्ली’ नक्की भरा, माझ्या सासूबाई तेवढाच रकाना बघतात.

आणि इथे, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांना आधीच सांगा : महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे पिण्याचा परवानाही लागतो. एका दिवसाचाही मिळतो. बिलात दारूवर जीएसटी दिसला नाही तर हुज्जत घालू नका, तिच्यावर व्हॅट असतो.
– वहिनी

वहिनी, पटलं. पबमध्ये काय घालायचं ते कुणीच सांगितलं नाही, तेव्हा तो रकाना काढून टाकतो. उभ्याने प्यायचा चहा आणि रसवंती?
– सचिव

चहा कॅफेत घाला, सीटिंग ‘नो’. रसवंतीला महिने टाका, नाहीतर लोक डिसेंबरात जाऊन बंद शटरचा फोटो आपल्यालाच पाठवतील.
– अप्पा