संत्रा-मोसंबीच्या अंबिया बहाराची फळगळ: फळमाशी की पतंग?

काटोल_बागायतदार: "अंबियाची गळ म्हणजे फळमाशी. एकरी दहा मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगा, विषय संपला." ही पोस्ट वाचून राहवलं नाही. सप्टेंबरातली बरीच गळ रस शोषणाऱ्या पतंगाची असते, आणि या सापळ्याच्या वासाला फळमाशीचे नर भुलतात, पतंग तिकडे फिरकतही नाही. पडलेलं ताजं फळ दाबून पाहा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून रसाची चिळकांडी उडाली की समजा पतंग. फळमाशीचं फळ कापा, आत बिनपायाच्या पांढऱ्या अळ्या वळवळतात. माशीची अळी फळ खाते. पतंग मात्र रात्री स्वतः सोंड खुपसतो, त्याची अळी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गुळवेल-वासनवेलीवर वाढते, म्हणून त्या वेली काढा.

कळमेश्वर_संत्रा: पोस्ट माझीच. सापळ्याला काहून बदनाम करता? लोक फळ रंगावर आल्यावर टांगतात, तोवर माद्यांचं नरांशी मीलन होऊन गेलेलं असतं. दीड-दोन महिने आधी लावा. त्यात नरच येतात, म्हणून उशिरा लावून उपयोग नाही. बरं, छिद्रातून सडलेल्या फळातही दुसऱ्या माश्यांच्या अळ्या होतात. तुमची परीक्षा पक्की नाही.

काटोल_बागायतदार: म्हणूनच ताजं फळ म्हटलं, नीट वाचा.

वनौषधी_रामटेक: गुळवेल उपटायला सांगू नका! कोरोनात काढ्यासाठी हीच वेल शोधत होते, आता ती शत्रू? कडुनिंबावर चढलेली वेल तोडायची नाही.

नरखेड_मोसंबी: औषधाची वेल घराजवळ ठेवा ना भाऊ, बागेच्या धुऱ्यावर कशाला?

वनौषधी_रामटेक: पतंग लांबून उडत येतो. एकाच्या धुऱ्यावरची तोडून काय साधणार? अर्धवट सल्ले देऊन लोकांची वेल नासवू नका.

काटोल_बागायतदार: हे खरं आहे. शेजाऱ्यानेही काढली तरच फरक पडतो. नुसत्या वेलीवर थांबू नका. दोन लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, पडलेल्या फळांचा रस आणि 20 मिली मॅलॅथिऑन हे कीटकनाशक घाला, रुंद तोंडाच्या भांड्यांत संध्याकाळी बागेत ठेवा. सकाळी झाकून उचला, नाहीतर मधमाश्या मरतात. अंधार पडताच ओला पालापाचोळा जाळून धूर करा.

कळमेश्वर_संत्रा: आमिष ठेवतो, पण सापळे काढणार नाही. आणि गळलेली फळं धुऱ्यावर फेकणं आधी बंद करा. फळमाशीची अळी त्यातूनच मातीत उतरून कोष करते, पतंगही सडक्या फळाच्या वासावर येतो. रोज वेचून दोन फूट खोल पुरा.

काटोल_बागायतदार: यावर वाद नाही.