मदत हवी आहे: आईची नाडी बसल्या जागी ११० का पडते?

आई ४६ वर्षांची, निपाणीजवळच्या गावात असते. मी लग्न होऊन बेळगावात. पावसाळ्यापासून तिला धडधडतं, जिना चढला की धाप लागते. भाऊ सकाळी ती अंथरुणात असतानाच मनगटावर पूर्ण मिनिट मोजतो. १०४ ते ११२ येते. साधारण ६० ते १०० असावी ना? ताप नाही. ईसीजीवर 'सायनस टॅकिकार्डिया' लिहिलंय, म्हणजे ठोका नियमित पण जलद. हिमोग्लोबिन ८.९ आलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉईडची तपासणी राहिली आहे.

डॉक्टरांना तिनं न सांगितलेल्या दोन गोष्टी: दिवसातून तीन-चारदा ती तंबाखूची मिश्री लावते, आणि पाळीत अंगावरून फार जातं. विचारलं की म्हणते, "मला काय धाड भरलीय!" मला फार काळजी वाटते. यातलं नेमकं कारण कुठलं?

प्रतिसाद

ताई, मी खानापूरकडं नर्स आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ते कमी पडलं की अंगाला तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. नाडी वाढायला हे एकटंही पुरतं. पण रक्त जातंय कुठं ते सापडल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पाळीचं सांगायला त्यांना संकोच वाटत असेल तर तुम्ही सोबत जा, सोनोग्राफी लागेल का विचारा. गोळी चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर चालेल.

मिश्रीतलं निकोटीन तोंडातून रक्तात उतरतं आणि ठोके वाढवतं, तेही डॉक्टरांना सांगा. दम्याचा पंप, सर्दीची गोळी घेतात का? त्यानंही वाढते. थायरॉईड जास्त काम करत असेल तर रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) कमी येतो. वजन उतरलंय का, हात थरथरतात का, उकाडा सोसत नाही का, बघा.

छातीत दुखलं, बसल्या बसल्या दम लागला, शुद्ध हरपली किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

धागाकर्ती

हात थरथरतात! सुईत दोरा ओवता येत नाही म्हणते, आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. ब्लाउजही सैल झालेत. टीएसएचला उपाशी जावं लागतं का?

प्रतिसाद

नाही, जेवून गेलं तरी चालतं. उद्याच द्या. रिपोर्ट दाखवताना हात थरथरतात हे आधी सांगा.