चेंबर मोठं केलं की इंजिन अमर?

बेअरिंगचा_बळी
काल इथे एकाने फोटो टाकलाय. जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, भोसरीत कापून खाली पत्र्याचा डबा जोडला, दीड लिटर जास्त बसतं, 'आता ताम्हिणी कशीही मारा, इंजिन अमर'. खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही.

इंजिनातलं बेअरिंग जातं ते ऑइल जागेवर नसतं म्हणून. वळणात एक जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतका आडवा जोर, बसला की ऑइल ४५ अंशांत एका भिंतीवर चढतं, पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो, बेअरिंग कोरडं. तुमच्या डब्यात ना बॅफल, म्हणजे ऑइल अडवणारा आडवा पत्रा, ना झडप. परातीत पाणी घेऊन जिना चढून बघा. आणि जाळी खाली उतरवलीत का? नसेल तर तिच्या डोक्यावर ऑइल पूर्वीइतकंच, जादाचं खाली पडून.

माझं बेअरिंग कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर गेलं. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल बरोबर खुणेला होतं. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा ऑइलचं प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावर लागतो, म्हणजे तेराव्याचं आमंत्रणच.

घाटवेडा
फोटो माझा आहे, आडून कशाला बोलता? ऑइल जास्त म्हणजे तापायला वेळ लागतो, एवढं तरी कळतं ना? दोन पावसाळे झाले, इंजिन ठणठणीत.

बेअरिंगचा_बळी
उशिरा तापतं, मान्य. मग रोज कोथरूड ते डेक्कन थंड ऑइलवर जाता, तेही मान्य करा. आणि ताम्हिणीत टेम्पोमागे कसला एक जी! जाळीचं उत्तर राहिलं.

नाना_पेठ_नियमित
जाळी-बिळी सोडा. २५ बाय २० सेंटिमीटरचा डबा धरला तरी दीड लिटरला तीन सेंटिमीटर खोली लागते. पुण्यात तीन सेंटिमीटर खाली? आमच्या गल्लीत रातोरात डांबराचा ढीग टाकून त्याला स्पीडब्रेकर म्हणतात. स्विफ्ट घासते तिथे.

पेठी_इंजिनिअर
इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच होता, ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला. आपल्याकडे उंची तीच, रुंदी पाटाएवढी. मी टेप लावून मोजलेत.

कात्रजची_आई
ते ढीग आम्हीच मागून घेतलेत, तुमच्यासारखे रात्री बाराला सायलेन्सर फोडत जातात म्हणून. मुलगा शाळेच्या बससाठी उभा असतो तिथे. फुटू दे चेंबर.

घाटवेडा
ताई, सायलेन्सर स्टॉक आहे माझा, कंपनीचाच! दिसेल त्या गाडीवाल्याला झोडायचं का?

कात्रजची_आई
स्टॉक असेल. चेंबर कुठे स्टॉक आहे?

नाना_पेठ_नियमित
😂 पण ताई, पांढरे पट्टे तरी मारायला सांगा. माझं चेंबर पावसात असंच फुटलं. डबक्याखाली काय आहे ते दिसलंच नाही. ऑइल रस्त्यावर, मागून दुचाकीवाला घसरला. त्याच्या गुडघ्याचा खर्च चेंबरपेक्षा जास्त झाला, मीच दिला.

कात्रजची_आई
पट्ट्यांचं बरोबर आहे. दोनदा अर्ज दिलाय.

पेठी_इंजिनिअर
तिसऱ्यांदा द्या, पोच घ्या.

बेअरिंगचा_बळी
चेंबरवर बोलायचंय का कोणाला? डबा खाली वाढवण्याऐवजी बाजूला पंख काढले असते तर क्लिअरन्सही वाचला असता. आत झडपांचं बॅफल, आणि एक प्रेशर गेज. अमर-बिमर लिहिण्याआधी वळणात काटा बघा.

घाटवेडा
गेज काल रात्रीच लावला. तुमच्यामुळे नाही, आधीच मागवला होता. मुठा गावाच्या पुढच्या लांब उजव्या वळणात काटा पडतो. थोडासाच.

बेअरिंगचा_बळी
किती?

घाटवेडा
चार बारवरून दीडवर.

बेअरिंगचा_बळी
थोडासाच म्हणे! गाडी उभी कर आधी. आणि जाळी?

घाटवेडा
नाही उतरवली. रविवारी चेंबर काढतोय. स्पीडब्रेकरला लागतं म्हणून.